मुद्द्याचं बोला!

अमेरिकेतल्या तिसरीच्या मुलाचं दप्तर उघडलं की अर्धवट खाल्लेल्या डब्याखाली एक कागद हमखास सापडतो. कागदावर टेबलाचं चित्र असतं. टेबलाच्या फळीवर ‘मेन आयडिया’ लिहायची आणि चार पायांवर चार ‘डिटेल्स’. काही शाळांत टेबलाऐवजी छत्री असते, काही ठिकाणी आइस्क्रीमचा कोन. चित्र कुठलंही असो, प्रश्न तोच: या उताऱ्याचा मुख्य मुद्दा काय? आणि त्यावरून संध्याकाळी घरोघरी होणारी झटापटही तीच. आई म्हणते, “अरे, नीट वाच ना!” मुलगा म्हणतो, “वाचलं मी!” दोघंही खरंच बोलत असतात.

आपली मुलं वाचतात छानच. स्पेलिंगच्या स्पर्धेत बक्षिसं आणतात, घडाघडा वाचतात, एक शब्द अडत नाही. पण वाचून झाल्यावर “काय म्हणतोय रे हा?” असं विचारलं की एकतर पहिलं वाक्य परत वाचून दाखवतात, नाहीतर सगळ्यात गमतीचं वाक्य सांगतात. निळ्या देवमाशाबद्दलचा उतारा असेल तर त्याची जीभ हत्तीएवढी जड असते, हे उत्तर ठरलेलं. उतारा मग देवमाशांची संख्या का घटली याबद्दल असेना का!

मी गेली सहा वर्षं आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या गटाला शिकवतो. पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. शिक्षणशास्त्राशी संबंध एवढाच की इथे मास्टर्स करताना दोन वर्षं टीचिंग असिस्टंट म्हणून पोरांचे लॅब रिपोर्ट तपासले. बावीस वर्षांची मुलं बारा पानं लिहायची, आलेख काढायची, दशांश चिन्हापुढे चार आकडे द्यायची, आणि तुळई टिकली की मोडली हे मात्र कुठेच लिहायची नाहीत. तेव्हापासून या विषयाचा किडा डोक्यात आहे.

आधी इथल्या शाळांचं गणित सांगतो, कारण पालकांना ते नीट कोणी समजावून देत नाही. २००२ साली लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यापासून तिसरी ते आठवी दरवर्षी वाचनाची आणि गणिताची परीक्षा आली. २०१५ साली तो कायदा बदलला, पण परीक्षा राहिल्या. २०१० साली ‘कॉमन कोअर’ची मानकं निघाली. बऱ्याच राज्यांनी ती घेतली, काहींनी पुढे नाव बदललं किंवा फेरफार केले. त्यात या विषयाचा जिनाच बांधलेला आहे. दुसरीत अनेक परिच्छेदांच्या मजकुराचा विषय ओळखायचा. तिसरीत मुख्य मुद्दा शोधायचा आणि तपशील त्याला आधार कसा देतात ते सांगायचं. चौथीत त्याच्या जोडीला सारांश. पाचवीत एकाच मजकुरातले दोन किंवा जास्त मुद्दे. म्हणजे दुसरी आणि तिसरी यांच्यामधली पायरी सगळ्यात उंच आहे. विषय ओळखणं वेगळं आणि मुद्दा ओळखणं वेगळं, आणि नेमके तिथेच पाय अडखळतात.

हा फरक मुलांना मराठीत सांगणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे. विषय म्हणजे नाम, मुद्दा म्हणजे वाक्य. ‘डबेवाले’ हा विषय झाला. डबेवाल्यांचं काय? ते सांगायला क्रियापद लागतं. उत्तरात क्रियापद नसेल तर मी कागद परत करतो, वाचतही नाही. थोडी दंडेली आहे, पण दोन रविवारांत सवय लागते.

डबेवाल्यांचं नाव उगाच घेतलं नाही. वर्गासाठी मी एक छोटा उतारा लिहिला होता, तो असा:

“मुंबईत सकाळी डबेवाला घरोघरी जाऊन जेवणाचे डबे गोळा करतो आणि सायकलवरून जवळच्या स्टेशनवर आणतो. तिथे ते उतरायच्या स्टेशनांप्रमाणे वेगळे केले जातात. दुसरा माणूस ते लोकलमधून नेतो. पलीकडच्या स्टेशनवर पुन्हा वाटणी होते आणि तिसराच माणूस ते ऑफिसात पोचवतो. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स डबेवाल्यांना मुंबईत भेटले आणि २००५ साली त्यांनी आपल्या लग्नाचं आमंत्रणही पाठवलं. प्रत्येक डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे यांची खूण असते. डबा कुठून आला, कुठे उतरायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर जायचा, हे सगळं त्या खुणेत असतं. जेवणाच्या सुट्टीला डबा मालकासमोर असतो.”

वर्गात त्या दिवशी बारा मुलं होती. सात जणांनी मुख्य मुद्दा लिहिला: चार्ल्सच्या लग्नाचं आमंत्रण. तिघांनी पहिलं वाक्य उतरवून काढलं. एकाने लिहिलं ‘डबेवाले’. एकीने लिहिलं, “मुंबईत लोक घरचं जेवण जेवतात,” जे खरं आहे आणि वाईटही नाही, पण उतारा त्याबद्दल नाही.

मग फळ्यावर आम्ही भिंती पाडायला घेतल्या. घर दुरुस्त करताना इंजिनिअर पहिला प्रश्न विचारतो, की भार घेणारी भिंत कुठली? ती सोडून बाकीच्या पाडता येतात. तसं एकेक वाक्य पुसायचं आणि विचारायचं: आता डबा पोचतो का? चार्ल्सला पुसलं. डबा पोचला. सायकल पुसली. चालत नेऊ, पोचला. झाकणावरची खूण पुसली. सगळे गप्प. मग एक मुलगा म्हणाला, “ओ नो, आता कुणाचा पण डबा कुणाला पण!” झालं, मुद्दा त्याच्या हातात आला. पंधरा मिनिटांनी फळ्यावर वाक्य होतं: “डबा बऱ्याच हातांतून जातो, तरी झाकणावरच्या खुणेमुळे ज्याचा त्यालाच मिळतो.”

आता गंमत बघा. हे वाक्य उताऱ्यात कुठेही नाही. मुलांचा पहिला आक्षेप तोच होता: “पण काका, हे तर लिहिलंच नाहीये!” शाळेत त्यांना बहुधा सांगितलेलं असतं की परिच्छेदाचं पहिलं वाक्य बघा. शाळेसाठी मुद्दाम लिहिलेल्या उताऱ्यांत ते चालतंही. पण खरे लेखक तसं लिहीत नाहीत. रिचर्ड ब्रॅडक नावाच्या प्राध्यापकांनी १९७४ साली अमेरिकन मासिकांतले पंचवीस लेख घेऊन परिच्छेद न् परिच्छेद तपासला. मुद्द्याचं वाक्य सुरुवातीलाच आहे असे परिच्छेद शंभरात जेमतेम तेरा निघाले. आपल्या मराठी ललित लेखांत कुणी मोजलं तर किती निघतील याची कल्पनाच केलेली बरी!

लिहिलेलं नसलेलं वाक्य स्वतः तयार करणं, हीच या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या दोघींनी १९८३ साली पाचवीपासून कॉलेजपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सारांश करायला देऊन हे तपासलं. फालतू तपशील गाळणं आणि पुनरुक्ती गाळणं पाचवीच्या मुलांनाही जमत होतं. त्यापुढची पायरी म्हणजे सुट्या वस्तूंच्या जागी एक मोठा शब्द वापरणं. तिच्यापुढे, मजकुरातलं मुद्द्याचं वाक्य निवडणं. आणि शेवटी, असं वाक्य नसेल तर ते स्वतः रचणं. ते सगळ्यात उशिरा येतं. लहान मुलांची पद्धत साधारण ‘उतरव आणि गाळ’ अशी असते: वाचत जायचं, हे घेऊ, हे सोडू, आणि जागा संपली की थांबायचं. आपण एस.एस.सी.ला सारांश लेखन केलं ते आठवा. एक तृतीयांश करायचं आणि शीर्षक द्यायचं. निम्मा वर्ग पहिली चार वाक्यं उतरवायचा आणि शब्द मोजायचा. फरक नाही काही!

यातल्या मोठ्या शब्दाच्या पायरीवर जरा थांबतो, कारण आपल्या घरांशी तिचा थेट संबंध आहे. आपल्या मुलांना मूग माहीत असतात, मटकी, चवळी, राजमा माहीत असतो. ‘कडधान्य’ विचारा. मेथी, पालक, चुका माहीत, ‘पालेभाजी’ नाही. काका, मामा, आत्या, मावशी बिनचूक, पण ‘नातेवाईक’ म्हटलं की चेहरा कोरा. घरातली मराठी ही वस्तूंची मराठी असते. “पोळी वाढ, मोजे घाल, दिवा बंद कर.” छत्रीसारखे सगळ्यांना पोटात घेणारे शब्द रोजच्या हुकूमनाम्यात येतच नाहीत. आणि तो शब्द नसेल तर मुलाला पाच वस्तूंची यादी करण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याला मुद्दा कळला नाही असं नव्हे, तो ठेवायला भांडं नाही. म्हणून आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त हेच करतो. मी सांगतो, “कात्री, सुई, दोरा, टेप.” त्यांनी सांगायचं, “शिवणाचं सामान.” मग उलट: “वाहनं” म्हटलं की दहा नावं.

दुसरी एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. मुद्दा न सापडणं हे नेहमी वाचनाचं दुखणं नसतं, कधी कधी माहितीचं असतं. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी विस्कॉन्सिनमधल्या सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या सामन्याच्या एका भागाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे त्यांना खेळ माहीत असल्यामुळेच कळत होतं. मी स्वतः या देशात वीस वर्षं काढूनही बेसबॉलच्या बातमीतला मुद्दा सांगू शकणार नाही. कोणी पळालं, कोणी पळालं नाही, एवढंच. हाच उतारा क्रिकेटचा असता तर आमच्यातला कोणीही अर्ध्या झोपेत सांगेल की तिसरी विकेट पडली तिथे सामना फिरला. त्याआधी १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी कपडे धुण्याचं वर्णन लोकांना मथळा न देता ऐकवलं होतं. प्रत्येक शब्द सोपा, पण लोकांना काही उमगेना. मथळा आधी सांगितला की सगळं स्वच्छ.

तेव्हा टेबलं आणि छत्र्या भरायचे कागद एका मर्यादेपर्यंत ठीक. काही आठवडे केले की युक्ती कळते. त्यानंतर तोच कागद पन्नास वेळा भरून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या वेळात मुलाने नद्या, रेल्वे, मधमाश्या, शिवाजी महाराजांचे किल्ले, काहीही वाचलेलं जास्त चांगलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्कबुकांचे गठ्ठे घेणाऱ्या पालकांना हे पटत नाही, याची मला कल्पना आहे.

गोष्टींचं प्रकरण थोडं निराळं. इथल्या शाळेत माहितीपर मजकुराचा ‘मुख्य मुद्दा’ आणि गोष्टीतला ‘संदेश’ किंवा ‘बोध’ असे दोन कप्पे करतात. आपल्याला इसापनीतीत ‘तात्पर्य’ खाली ठळक टाइपात छापूनच मिळायचं. डोक्याला ताप नाही! मी वर्गात गोष्ट देताना तात्पर्यावर चिकटपट्टी लावतो. कोल्हा आणि द्राक्षं या गोष्टीवर आलेली तात्पर्यं: “द्राक्षं फार उंच लावू नये.” “कोल्ह्यांनी शिडी आणावी.” आणि एक, “हरलो म्हणायची लाज वाटली की लोक वस्तूला वाईट म्हणतात.” शिडीवाल्याला मी पूर्ण नापास केलं नाही, तो पुढे आमच्याच धंद्यात येणार.

या सगळ्या अमेरिकन संशोधनाचं कौतुक आहेच, पण आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. त्याचं पहिलं प्रकरण काढून बघा. प्रश्न तिसरीच्या कागदावरचाच आहे: या ग्रंथाचा मुख्य मुद्दा काय? कोणी म्हणतो ज्ञान, कोणी भक्ती, कोणी संन्यास. प्रत्येक टीकाकाराला आपल्या संप्रदायाला हवा तो मुद्दा सापडलेला. मग टिळक म्हणतात, ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचे मीमांसकांचे नियम आहेत, ते लावू. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट जुळवून बघा. अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा काय सांगितलंय ते बघा. अपूर्वता, नवीन काय सांगितलं. फल, परिणाम काय झाला. अर्थवाद, म्हणजे स्तुती किंवा दृष्टान्त म्हणून आलेला, सजावटीचा भाग. आणि उपपत्ती, म्हणजे मुद्दा सिद्ध करायला दिलेली कारणं. गीतेच्या सुरुवातीला अर्जुन लढणार नाही म्हणतो आणि शेवटी लढायला उभा राहतो; तेव्हा मधल्या उपदेशाचं तात्पर्य कर्मयोग, अशी टिळकांची मांडणी आहे. ती सगळ्यांना मान्य नाही, नसो. पद्धत मात्र अशी आहे की पाचवीच्या मुलालाही शिकवावी.

आणि मी शिकवतो. संस्कृत नावं सांगत नाही, सहा प्रश्न सांगतो. अर्थवाद समजावायला मला आमच्या धंद्यातलं एक उदाहरण सापडलं आहे. पुलाच्या कैचीत काही दांडे असे असतात की हिशेब केला तर त्यांच्यावर बल शून्य येतं. भार ते घेत नाहीत. पण म्हणून ते कापून टाकत नाहीत. शेजारचे दांडे वाकू नयेत म्हणून ते तिथे असतात. चार्ल्सच्या लग्नाचं आमंत्रण हा तसला दांडा. मुद्दा नव्हे, पण त्याच्यामुळेच मुलांनी उतारा शेवटपर्यंत वाचला!

या सहा प्रश्नांची खरी परीक्षा झाली ती मात्र एका पत्रावर. माझे सासरे साताऱ्याला असतात, वय एक्क्याऐंशी. ते अजून हाताने पत्र लिहितात आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा त्याचा फोटो काढून आम्हाला फोनवर पाठवतो. बायकोच्या परवानगीने मी मागच्या वसंतात एक पत्र वर्गात नेलं. दीड पानाचं पत्र. पहिली ओळ: तिकडे दिवाळीला शाळांना सुट्टी असते का? मग हापूसच्या पेटीचे भाव. बँकेची शाखा हलली, आता एस.टी. स्टँडच्या पलीकडे जावं लागतं, पण काळजी नसावी. समोरचं कुटुंब मुलाकडे पुण्याला राहायला गेलं. संध्याकाळी फिरणं चालू आहे, हल्ली मारुतीच्या देवळापर्यंतच जातो, काळजी नसावी. टी.व्ही.चा रिमोट बिघडला होता, दुरुस्त झाला. डोळ्यांचं ऑपरेशन डॉक्टर पावसाळ्यानंतर करू म्हणतात, साधं असतं, काळजी नसावी. स्वयंपाकाच्या बाई वेळेवर येतात, काळजी नसावी. शेवटची ओळ: इकडे दिवाळीत हवा फार छान असते.

उत्तरं आली: आंबे महाग झाले. बँक लांब गेली. आजोबा मजेत आहेत. (हे सगळ्यात जास्त.) मग एक अकरा वर्षांची मुलगी, एरवी फारशी बोलत नाही, तिने आपल्या तुटक मराठीत सांगितलं, “आजोबांना तुम्ही दिवाळीला यायला पाहिजे. पण ते विचारत नाहीयेत.” मी म्हटलं, पुरावा? तिने पहिली आणि शेवटची ओळ दाखवली, दोन्हीकडे दिवाळी. आणि ‘काळजी नसावी’ चार ठिकाणी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. म्हणाली, “काळजी नसती तर एकदाच लिहिलं असतं ना.”

बायकोने पत्र आलं त्याच दिवशी हे ओळखलं होतं आणि तिकिटांचे भाव बघायला सुरुवातही केली होती, पण वर्गात ते कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या वडीलधाऱ्यांची पत्रं, फोन, निरोप सगळे असेच असतात. मुद्दा लिहिलेला नसतो, आजूबाजूला पेरलेला असतो. आमची नातवंडांची पिढी मराठी अक्षरं वाचायला शिकली आणि हे वाचायला शिकली नाही, तर त्या शाळेत रविवार घालवून काय मिळवलं? एका पालकाने मला विचारलं की आता फोनच सारांश काढून देतो, मग हे कशाला? त्यांना मी हेच पत्र वाचायला दिलं.

घरी काय करता येईल, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्याकडे ‘तार’ हा खेळ लोकप्रिय आहे. भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्यामुळे मुलांना आधी तार म्हणजे काय ते सांगावं लागतं: शब्दागणिक पैसे. मुलाच्या हातात वीस शेंगदाणे द्यायचे. नुकताच पाहिलेला सिनेमा किंवा वाचलेली गोष्ट आजीला तारेने कळवायची, प्रत्येक शब्दाला एक दाणा. उरलेले दाणे त्याचे. सुरुवातीला मुलं इतकी काटकसर करतात की आजीला काहीच कळत नाही. तेव्हा नियम असा, की आजीने “कळलं” म्हटलं तरच दाणे खायचे. आजी फोनवर असली तर अधिकच चांगलं, कारण तिला हातवारे दिसत नाहीत. आणि हो, मराठी वाक्यात ‘नाही’ शेवटी येतं हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. “तो परीक्षेला बसणार होता पण बसला नाही” यातला शेवटचा शब्द गाळून दाणा वाचवणारे महाभाग आमच्या वर्गात आहेत.

पुढचं सत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतंय आणि मला उतारे हवे आहेत. पाठ्यपुस्तकातले नकोत. घरात जुनी पत्रं, आत्याच्या पाककृतीची वही, हाउसिंग सोसायटीची नोटीस, लग्नात झालेलं एखादं लांबलचक भाषण, असं काही असेल तर नावं-गावं झाकून एक पानभर मजकूर शाळेत आणून द्यावा. अक्षर कसंही चालेल. फक्त त्यातला मुद्दा काय, हे देताना मला सांगू नका.